महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती: साइट बरी आहे, कागद जुळले तर

राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज घेणाऱ्या 'आपले सरकार महाडीबीटी' या पोर्टलबद्दल आपल्याकडे दोनच मतं ऐकू येतात. "काय बाप्पा, सर्व्हरच चालत नाही" हे एक, आणि "कॅफेवाल्या भाऊले आधार द्या, तो करते सारं" हे दुसरं. पहिलं मत मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात खरं असतं. दुसरं मत पुढं तीन-चार वर्षं महागात पडतं.

पोर्टलला पाचपैकी साडेतीन गुण द्यायला हरकत नाही. समाज कल्याण, आदिवासी विकास, इतर मागास बहुजन कल्याण, उच्च शिक्षण, तंत्रशिक्षण अशा वेगवेगळ्या विभागांच्या योजना एकाच लॉगिनमध्ये दिसतात. अर्जाला फी नाही. अर्ज कोणाच्या टेबलावर अडकला आहे, ते घरबसल्या कळतं. एके काळी यासाठी तालुक्याहून जिल्ह्याला चकरा व्हायच्या. उरलेला दीड गुण कापला जातो तो त्रुटी कळवण्याच्या पद्धतीवर आणि मुदत जवळ आली की मध्येच तुटणाऱ्या सेशनवर. पण ग्रामीण विदर्भातले बहुतेक अर्ज साइटमुळे पडत नाहीत. ते पडतात पाच कागदांवर पाच तऱ्हेनं लिहिलेल्या नावामुळे, आणि पैसे भलत्याच खात्याकडे वळल्यामुळे. दोन्ही गोष्टी फॉर्म उघडण्याआधीच, एप्रिल-मे महिन्यात निस्तरता येतात. जूनच्या शेवटी पेरणी, बारावीनंतरची प्रवेशफेरी आणि सेतूवरची गर्दी एकदमच येते.

नावाचंच घ्या. वानखडे हे आडनाव अर्ध्या वऱ्हाडात आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर इंग्रजीत 'खडे', आधारवर 'खेडे', बँकेच्या पासबुकात आडनाव आधी, आणि वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण तर दुसऱ्या ठिकाणी नुसतं आद्याक्षर. माणसाला हे एकच नाव वाटतं. तपासणाऱ्या प्रणालीला ते जुळत नाही, आणि कॉलेजचा बाबू तेवढ्या कारणावरून अर्ज परत पाठवू शकतो. दहावीची गुणपत्रिका प्रमाण माना आणि आधार तिच्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या, बँक त्यानंतर. उलट क्रम धरला तर गुणपत्रिकेसाठी बोर्डाकडे जावं लागतं आणि त्यात कित्येक महिने जातात. आधार केंद्रावर जातच आहात तर आणखी दोन कामं तिथंच उरकून घ्या. वयाच्या पंधराव्या वर्षानंतर बोटांचे ठसे नव्यानं द्यावे लागतात, ते झालेत का बघा. आणि सध्या चालू असलेला मोबाइल नंबर जोडून घ्या. रिचार्ज न केल्यानं बंद पडलेलं सिम आधारला जोडलेलं असेल तर ओटीपी येणार नाही. तोच नंबर पुढं कंपनीनं दुसऱ्याला दिला तर ओटीपी त्याच्या घरी जाईल.

उत्पन्नाचा दाखला हा दुसरा मोठा कागद. रक्कम आधीच्या आर्थिक वर्षाची लागते आणि एका वर्षाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो. म्हणून फेब्रुवारीत काढलेला दाखला जुलैच्या अर्जाला कामाचा नाही; तो १ एप्रिलनंतरच काढा. सातबारा, आठ-अ, शिधापत्रिका आणि स्वयंघोषणापत्र घेऊन तलाठ्याचा (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) अहवाल घ्यायचा, सेतूतून अर्ज टाकायचा आणि तहसीलमधून दाखला निघतो. लोकसेवा हक्काच्या यादीत याला १५ दिवसांची मुदत आहे, ती पाळली गेली नाही तर पावतीवर अपील करता येतं. दाखल्यावरचा बारकोड फार महत्त्वाचा, कारण पोर्टल तोच आकडा घेऊन दाखला ओळखतं. घडी घालून खिशात ठेवलेल्या दाखल्याची घडी नेमकी बारकोडवर पडते आणि खालचा एखादा अंक पुसट होतो. सेतूतून मिळालेली मूळ पीडीएफ फाइल मोबाइलमध्ये जपून ठेवली तर हा प्रश्नच येत नाही.

इथं एक गैरसमज वारंवार दिसतो. नॉन-क्रिमिलेअर (मागास प्रवर्गातल्या उन्नत गटात नसल्याचं) प्रमाणपत्र आहे म्हणजे शिष्यवृत्तीची उत्पन्नाची अट आपोआप पूर्ण झाली, असं होत नाही. क्रिमिलेअर ठरवताना पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न वेगळं काढलं जातं, तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्यात मात्र ते धरलेलं असतं. दोन्ही कागद वेगवेगळे काढायचे.

आता जात पडताळणी. पोर्टलच्या बाहेरचं सगळ्यात लांबलेलं प्रकरण हेच. बीए-बीकॉमला शक्यतो हे अडत नाही, पण इंजिनीअरिंग, फार्मसी, कृषी, नर्सिंग अशा व्यावसायिक अभ्यासक्रमात राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर वैधता प्रमाणपत्र लागतं. ते वेळेत नसेल तर प्रवेश खुल्या प्रवर्गात जातो आणि मागोमाग शिष्यवृत्तीचं गणितही कोसळतं. जात दाखला उपविभागीय अधिकाऱ्याचा, वैधता समितीची. हे दोन वेगळे कागद आहेत, आणि बारावी होईपर्यंत बऱ्याच घरात ते कोणाला ठाऊकच नसतं. अकरावीतच कॉलेजमार्फत अर्ज द्या. नमुना १६ चा अर्ज, नमुना ३ चं वंशावळीचं शपथपत्र आणि नमुना १७ हे अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त आणि ओबीसींसाठी. अनुसूचित जमातीची समिती आणि नमुने वेगळे.

पुरावा किती जुना हवा, ते ठरलेलं आहे: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रांत-वऱ्हाडात (पुढं मध्य प्रदेशात) होता, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या नोंदी पश्चिम महाराष्ट्रातल्या मार्गदर्शकात सांगितलेल्या नावांनी सापडत नाहीत. इथं विचारायचं ते कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद), अधिकार अभिलेख पंजी (जमिनीच्या हक्काची नोंद) आणि शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. आजोबांच्या नावापुढं जात लिहिलेलं दाखल-खारीजचं एक पान दहा शपथपत्रांपेक्षा जड असतं. शाळा बंद झाली किंवा दुसऱ्या शाळेत मिसळली असेल तर रजिस्टर कुठं गेलं, ते पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारा. वडील, सख्खे काका किंवा सख्ख्या भावंडाची वैधता आधीच झालेली असेल तर तिची प्रत जोडा; काम बरंच हलकं होतं.

धारणीतून बऱ्हाणपूरकडे, किंवा सिरोंचातून नदी ओलांडून तेलंगणात दहावी केलेल्या मुलांनी अधिवास प्रमाणपत्राकडे आधी लक्ष द्यावं. दहावी-बारावी परराज्यातली दिसली की तपासणीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

कागद एवढे झाले की पोर्टल. नोंदणी आधारनं करा, ओटीपी येत नसेल तर केंद्रावर अंगठा देऊन करता येते. नोंदणीत मोबाइल आणि ईमेल विद्यार्थ्याचा स्वतःचाच द्या. अकरावीत कॅफेवाल्यानं स्वतःचा नंबर टाकून प्रोफाइल बनवलेलं असतं, आणि तीन वर्षांनी इंजिनीअरिंगचा फॉर्म भरताना "या आधारवर प्रोफाइल आहे" असा संदेश येतो. तोवर तो कॅफे बंद झालेला असतो किंवा त्या भाऊनं नंबर बदललेला असतो. कॅफेत बसून फॉर्म भरण्यात काही वावगं नाही, टायपिंग त्याला करू द्या. युजरनेम-पासवर्ड मात्र आपल्या वहीत आणि ओटीपी आपल्याच फोनवर.

प्रोफाइलचे सहा भाग आहेत: वैयक्तिक माहिती, पत्ता, इतर माहिती, सध्याचा अभ्यासक्रम, मागील शिक्षण आणि वसतिगृह. पहिले तीन सोपे. 'सध्याचा अभ्यासक्रम' हा भाग सर्वात जास्त अर्ज खातो. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं पहिलं वर्ष 'पूर्ण' दाखवून त्याचा निकाल भरायचा आणि दुसरं वर्ष 'चालू' म्हणून नव्यानं जोडायचं असतं. बरेच जण पहिल्याच वर्षाच्या नोंदीत वर्ष बदलून टाकतात, मग निकालाची नोंदच उरत नाही. प्रवेश कॅपमधून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) की कॅपबाहेर, हेही इथंच विचारतात; वाटप पत्रावर जे आहे तेच भरा. नीटसाठी एक-दोन वर्षं घरी बसलेल्यांना 'गॅप' दाखवावा लागतो आणि त्याचं शपथपत्र जोडावं लागतं. तो लपवून फायदा नाही, बारावीची तारीख समोर असतेच.

वसतिगृहाच्या रकान्यात खरं तेच लिहा. रोज एसटीनं ये-जा करणारा मुलगा 'हॉस्टेलर' दाखवला की जादा रक्कम मिळेल असं कोणीतरी सांगतं. मग वसतिगृहाचा दाखला मागितला जातो आणि अर्ज तिथंच थांबतो.

फाइल चढवताना १५ ते २५६ केबीचं बंधन आहे. मोबाइलचा फोटो तीन-चार एमबीचा असतो, तो जबरदस्तीनं लहान केला की शिक्का आणि बारकोड दोन्ही धूसर होतात. स्कॅन करतानाच दीडशे डीपीआयला ठेवा, फालतू कडा कापा, शिधापत्रिकेची पुढची-मागची पानं एकाच पीडीएफमध्ये घ्या. शेवटच्या तारखेला दुपारी हे करत बसू नका. सकाळी सहा-सातला साइट आणि गावातलं नेटवर्क, दोन्ही मोकळं असतं.

योजना निवडताना विभाग चुकला तर अर्ज बाद होतो, म्हणून हे नीट बघा. अनुसूचित जाती आणि जमातीसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा अडीच लाख रुपये आहे. अनुसूचित जातीत त्यावर उत्पन्न असेल तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची म्हणजे फ्रीशिपची योजना पाहायची. खुल्या प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आतल्या कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. तिला अधिवास, कॅपमधून प्रवेश आणि कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ या अटी आहेत. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ती मिळत नाही, अभिमत आणि खासगी विद्यापीठांनाही नाही. गावात एजंट मुलांना बाहेरच्या खासगी विद्यापीठात नेतात तेव्हा "शिष्यवृत्ती बसते" असं तोंडी सांगतात. त्यांना योजनेचं नाव कागदावर लिहून मागा.

मुलींसाठी ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं मोठा फरक पडला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क ५० टक्क्यांऐवजी १०० टक्के माफ झालं, २०२४-२५ पासून. माफी फक्त या दोन शुल्कांची. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, बस याचे पैसे द्यावेच लागतात. "मुलीचं शिक्षण फुकट" एवढंच ऐकून गेलेल्या बापाला प्रवेशाच्या खिडकीवर चलन पाहून धक्का बसतो. चलनावर कोणती बाब किती, ते ओळीनं वाचा आणि शिक्षण शुल्क मागितलं असेल तर शासन निर्णयाची प्रत दाखवा.

राहण्याखाण्यासाठी वेगळ्या योजना आहेत आणि त्यांची माहिती गावापर्यंत कमी पोचते. शाहू योजनेतल्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता त्याच लॉगिनमधून मागता येतो. अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी त्यात वेगळा दर आहे, तेव्हा अल्पभूधारकाचा दाखला आधीच काढून ठेवा. भाड्याच्या खोलीत राहत असाल तर भाडेकरार लागतो. अनुसूचित जातीच्या, शासकीय वसतिगृह न मिळालेल्या मुलांना स्वाधार योजना. तिच्यात नागपूर-पुण्यासारख्या मोठ्या शहरात वर्षाला ६० हजार (भोजन ३२, निवास २०, निर्वाह ८ हजार), इतर महापालिका क्षेत्रात ५१ हजार आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये असे दर आहेत. याचा अर्ज महाडीबीटीच्या शिष्यवृत्ती अर्जात आपोआप जात नाही, तो वेगळा. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयं योजना, प्रकल्प कार्यालयामार्फत. आपल्याकडे धारणी, पांढरकवडा, देवरी, अहेरी, भामरागड इथं ती कार्यालयं आहेत.

अर्ज 'सबमिट' झाला की तो आधी कॉलेजच्या बाबूकडे, मग प्राचार्यांच्या लॉगिनला आणि नंतर विभागाच्या जिल्हा कार्यालयाकडे जातो. सबमिट केल्यावर प्रिंट काढून कागदांच्या प्रतींसह कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात द्या आणि पोच घ्या. 'सेंड बॅक' आलं तर घाबरू नका, ते नामंजुरी नव्हे. दुरुस्त करून पुन्हा सबमिट करायचं असतं. नुसतं दुरुस्त करून 'सेव्ह' केलं तर अर्ज तुमच्याकडेच पडून राहतो. पोर्टलची खरी उणीव इथंच आहे. त्रुटीचा एसएमएस येईलच याची खात्री नाही, आणि आलाच तर "कागदपत्र अस्पष्ट" एवढंच लिहिलेलं असतं, कोणता कागद ते नाही. दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती बघणं हाच उपाय.

मंजुरीनंतर पैसा. फॉर्ममध्ये खाते क्रमांक कोणताही भरला तरी आधारवरून येणारी रक्कम एनपीसीआयच्या (राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या) नोंदीत शेवटचं जे बँक खातं आधारला जोडलेलं असेल, तिथंच जाते. बँकेत "आधार लिंक आहे" असं सांगतात ते बहुधा केवायसीपुरतं असतं. डीबीटीसाठीचं, म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठीचं 'सीडिंग' वेगळं आणि त्याचा संमती फॉर्मही वेगळा. माय आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून 'बँक सीडिंग स्टेटस' पाहिलं की बँकेचं नाव आणि सक्रिय आहे की नाही ते दिसतं. सिम घेताना दुकानदारानं अंगठा घेऊन उघडलेलं पेमेंट बँकेचं खातं तिथं निघालं, असं पुष्कळदा होतं. पैसे हरवलेले नसतात, पण त्या खात्याचा पिन कोणालाच माहीत नसतो.

खातं विद्यार्थ्याच्या एकट्याच्या नावचं ठेवा. वडिलांसोबतच्या संयुक्त खात्याला बहुतेक वेळा वडिलांचंच आधार जोडलेलं असतं, आणि त्यावर पीककर्जाची वसुली लागली तर शिष्यवृत्ती त्यात वळती होण्याची भीती. पाचवी-सातवीत उघडलेलं अज्ञान (अठराखालच्या मुलाचं) खातं अठरा पूर्ण झाल्यावर नव्यानं केवायसी केल्याशिवाय चालत नाही. दोन वर्षं व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय होतं. अर्धवट केवायसीवर उघडलेल्या 'छोट्या खात्या'त शिल्लक ५० हजारांच्या वर आणि वर्षभरातली जमा एक लाखाच्या वर सहसा चालत नाही. मोठी रक्कम तिथं अडकू शकते. मे २०२५ मध्ये विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली, तेव्हा तिच्या खातेदारांनी सीडिंग स्टेटस एकदा नव्यानं बघून घ्यावं.

अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०. दोन्ही हप्ते वेगवेगळ्या दिवशी येतात. केंद्राचा हप्ता थेट मुलाच्या खात्यात पडतो आणि त्यातली फी सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. बाकी शैक्षणिक भत्ता त्याचा. तो पदवीच्या व्यावसायिक गटात वसतिगृहात राहणाऱ्यास वर्षाला १३,५०० आणि घरून येणाऱ्यास ७,००० रुपये, बीए-बीएस्सीसारख्या गटात ६,००० आणि ३,००० रुपये, अकरावी-बारावीला ४,००० आणि २,५०० रुपये. हप्ता नेमका खताच्या किंवा सोयाबीन काढणीच्या दिवसांत आला की घरात तो खर्चून जातो, आणि वर्षाच्या शेवटी कॉलेज टीसी अडवतं. कुटुंबानं खात्यात पैसे दिसताच कोणते फीचे, कोणते मुलाचे ते कॉलेजच्या लेखा विभागातून लिहून घ्यावं, भरल्याची पावती घ्यावी.

पुढच्या वर्षी अर्ज पुन्हा भरावा लागतो, रिन्यूअल आपोआप होत नाही. प्रोफाइल तसंच राहतं. उत्पन्नाचा नवा दाखला, मागच्या वर्षाची गुणपत्रिका आणि फीची पावती एवढंच नवं लागतं. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली तर कॉलेज पुढं पाठवत नाही, तेव्हा कापूस वेचणीच्या दिवसात सुट्टी घेतलीच तर शिक्षकांना अर्ज देऊन घ्या.